आष्टेकर सरांचा अभिनय

आष्टेकर सर मटकन खाली बसले तेव्हा मी त्यांच्या मागेच होते आणि माझ्या तोंडात शेंगदाण्याची चिक्की होती. गड उतरताना तोल सावरायला म्हणून त्यांनी वाटेकडेच्या दगडावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला. दगडाखालच्या वाळक्या गवतात खरखर झाली. दीड वीत लांबीचं, मातकट रंगाचं, अंगावर नक्षी असलेलं काहीतरी आडवं आडवं सरकत कपारीत शिरलं.

माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगते, हसू नका. मला वाटलं, या वेळी सरांनी रबरी सापसुद्धा आणलाय!

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होऊन गेली, तरी असं वाटण्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. सर आमच्या सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्ट्यांत आम्हा पाच जणांना डोंगरात न्यायचे. दोन्ही कामांत त्यांचा उत्साह ओसंडून वाहायचा, त्यामुळे तो एकमेकांत मिसळायचा. प्रत्येक सहलीत, कुठेतरी मध्येच, कसलीही सूचना न देता सर जखमी व्हायचे. झाडामागे जायचे ते धडधाकट, बाहेर यायचे ते पाय ओढत. आणि घोट्यावर निळाजांभळी, कडेला पिवळट झाक मारणारी अशी काही सूज असायची की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं. मेण, डिंक आणि पोस्टर कलर, एवढंच त्यांचं भांडवल. एकदा त्यांनी कपाळावर अशी खोक रंगवली की उल्हासला जेवण गेलं नाही. उल्हासला जेवण न जाणं ही आमच्या गल्लीत बातमी होती.

मग आम्ही पेशंट सांभाळायचा. सर विव्हळायचे, पाणी मागायचे, मुद्दाम नको ते करायला सांगायचे आणि आम्ही फसतो का ते बारीक डोळे करून बघायचे. शिट्टी वाजवून त्यांनी ‘खेळ खलास’ म्हणेपर्यंत ते पेशंट आणि मी प्रमुख. ‘सर, खरंच लागलंय का हो?’ असं विचारायची सोय नव्हती, कारण त्यावर फक्त ‘आई गं’ असं उत्तर मिळायचं. त्यानंतर मार्क. दहापैकी चारच्या वर आम्ही कधी गेलो नव्हतो, आणि कौतुकाचा शब्द तर सरांच्या तोंडून निघायचाच नाही. ‘बरं’ हा त्यांचा कौतुकाचा कळस.

तर, मी चिक्की चावत उभी होते आणि सर खाली बसले होते.

“उज्ज्वला,” ते हळू आवाजात म्हणाले, “इकडे ये. हे खरं आहे.”

“काय खरं आहे?”

“फुरसं होतं. बघितलंस ना तू?”

चिक्की घशातच अडकली. मी वाकून बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसल भागावर दोन बारीक ठिपके होते आणि त्यातून रक्त झिरपत होतं. सरांनी रंगवली असती तर यापेक्षा कितीतरी दणदणीत जखम रंगवली असती. पण त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता, आणि घाम काही डब्यातून आणता येत नाही.

“मी बोलावते सगळ्यांना,” मी म्हणाले.

“थांब. बोलाव, पण सांगू नकोस.”

“अहो सर!”

“खाली आडवी वाट आहे. आठवते ना?”

ती कशी विसरणार! एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला थेट दरी, आणि मध्ये दोन माणसं अंग चोरून जेमतेम मावतील एवढी वाट. सकाळी चढून येताना तिथे शिरीषचे पाय लटपटले होते. मंदानं मागून त्याचा पट्टा धरून ठेवला म्हणून तो पुढे सरकला.

“घाबरलेली पोरं मला उचलून तिथून निघाली की धावणार. धावली की घसरणार,” सर म्हणाले. “फुरशाचं विष लगेच जीव घेत नाही. संध्याकाळच्या आत दवाखान्यात पोचलो तर मी ठणठणीत होईन. पण माझ्यापायी तुमच्यातलं एक जरी त्या दरीत गेलं, तर मी वाचून तरी काय करू? खेळ आहे असंच चालू दे. तू तुझं काम कर, मी माझं करतो.”

“तुमचं कसलं काम?”

“अभिनय,” सर म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

वरच्या वळणावरून बाकीच्यांचे आवाज यायला लागले. एप्रिलचे दिवस होते, दहावीची परीक्षा संपली होती, आणि वाटेत करवंदांच्या जाळ्या लागल्यामुळे ते चौघे मागे राहिले होते. पुढे उल्हास, त्याच्या दोन्ही मुठी करवंदांनी भरलेल्या. सरांना बसलेलं बघताच त्याचा चेहरा उजळला.

“झाला! सरांचा पेशंट झाला! मी म्हणतच होतो, परतीची वाट अर्धी संपली तरी आज अजून कसा झाला नाही!”

“आई गं!” सर ओरडले. “मेलो रे मेलो! साप चावला!”

इतकं खोटं वाटेल असं ते ओरडले की मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

इरफान मुल्ला पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि सरांचा हात नाकाजवळ नेऊन बारकाईनं बघायला लागला. “हे काय सर? नुसते दोन ठिपके? मागल्या वेळी सूज काय झकास काढली होती. रंग संपला वाटतं?”

“घाईत काढलेत,” मंदा खोत म्हणाली.

“पुरे झालं परीक्षण,” मी म्हणाले. “फुरसं चावलंय. कामाला लागा.”

पुढची दहा-पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ऊन तापलेलं, खाली दरीत घारी फिरतायत, आणि चार पोरं करवंदांनी जांभळ्या झालेल्या ओठांनी हसत-खिदळत एका माणसाचा जीव वाचवतायत. आणि मी मध्ये उभी राहून त्यांच्यावर खेकसतेय, कारण प्रमुख म्हणून मी नेहमी खेकसायची आणि आज गोड बोलले असते तर संशय आला असता.

सरांना आधी सावलीत टेकवलं. हात हलू द्यायचा नाही, माणूस हलू द्यायचा नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. घड्याळ काढलं. अंगठी निघेना, बोट आताच भरून आलं होतं. मंदानं पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, बोटाला चोळलं आणि हळूहळू फिरवत अंगठी सोडवली. सर दातओठ खात होते. “सर, चेहरा एक नंबर करताय आज,” उल्हास म्हणाला.

“ब्लेड आण रे!” सर कण्हत म्हणाले. “चीर दे. विष वाहून जाऊ दे.”

“नाही देणार चीर,” इरफान म्हणाला.

“मग तोंडानं ओढून काढ!”

“नाही काढणार.”

“निदान दंडाला दोरी तरी आवळ! घट्ट आवळ! तुझ्या पाया पडतो!”

“मागच्या वेळी आवळली आणि तुम्ही दोन मार्क कापलेत. बोटं काळी पडून हात कापायची वेळ येते म्हणालात,” इरफान म्हणाला. “आता माझ्या पाया पडून काही उपयोग नाही.”

खऱ्या वेदनेतसुद्धा सर आम्हाला फसवायला बघत होते! मला त्यांचा इतका राग आला आणि इतका जीव तुटला की दोन्हींतलं काय जास्त होतं ते आज सांगता येणार नाही.

सरांच्या पिशवीत चित्रांसाठी एक लांब लाकडी पट्टी असायची. ती हाताखाली घेऊन बोटांपाशी आणि कोपरापाशी कापडाच्या पट्ट्यांनी बांधली, फार घट्ट नाही, आणि मंदानं आपल्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. त्याआधी तिनं बॉलपेननं, जिथवर सूज आली होती तिथे मनगटावर एक रेघ ओढली. हेही सरांनीच शिकवलेलं. सूज किती वेगानं चढते ते डॉक्टरांना कळावं म्हणून. सरांनी झोळीची गाठ निरखून बघितली.

“छान,” ते म्हणाले.

मंदानं एकदम वर बघितलं, मग मान खाली घालून उरलेल्या पट्ट्या गुंडाळत बसली. शिरीष उपाध्येनं दुसऱ्या हाताची नाडी धरली होती. तो डॉक्टरचा मुलगा, त्यामुळे नाडी हे खातं कायम त्याच्याकडे. घड्याळावर नजर लावून त्यानं ओठ हलवत मोजलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, “नाडी एकदम नॉर्मल!”

नाडी नॉर्मल आहे म्हणजे विष फारसं गेलं नसेल, असं मी स्वतःला बजावलं आणि त्या एका वाक्यावर पुढची सगळी वाट काढली.

सरावासाठी नेहमी बरोबर असणाऱ्या दोन बांबूच्या काठ्यांभोवती सतरंजीची घडी घालून स्ट्रेचर केलं. सरांना त्यावर निजवल्यावर उल्हासनं उचलून बघितलं आणि खाली ठेवलं.

“उज्जे, खोट्या पेशंटला एवढं खरं उचलायचं कशाला? आडव्या वाटेपर्यंत त्यांना चालू दे की. आपण विव्हळत चालल्याचे मार्क देऊ.”

“साप चावलेला माणूस चालत नाही. चालला की विष लवकर पसरतं.”

“पण विष कुठाय?”

“उल्हास, उचल!”

तो बिचारा उचलायला लागला. तोंडानं मात्र पट्टा चालूच होता. आज सकाळपासून फक्त पोहे, दुपारचा डबा तसाच पिशवीत, आणि सरांचं वजन म्हणजे काय वजन! मग त्यानं स्वतः रचलेलं एक गाणं सुरू केलं. त्यात भरली वांगी होती, ज्वारीची भाकरी होती, ठेचा होता आणि शेवटी प्रत्येक कडव्यात ‘सर, उतरा’ अशी विनवणी होती. बाकीचे ‘सर, उतरा’ला सूर मिळवत होते आणि त्या तालावर सगळ्यांची पावलं बरोबर पडत होती.

आडवी वाट आली. चौघांनी मिळून उचलून जायला तिथे जागाच नव्हती. पुढे इरफान, मागे उल्हास, कारण ते दोघे अंगापिंडानं मजबूत. शिरीष सगळ्यांच्या पुढे, पाय कुठे टाकायचा ते सांगायला. सकाळी लटपटणारा शिरीष! त्याला हे काम नको म्हणून मी तोंड उघडणार तेवढ्यात तो निघालासुद्धा. “उजवा पाय, खाच आहे. आता लहान पाऊल. थांब. आता परत उजवा.” त्याचा आवाज गणिताचं उदाहरण सोडवल्यासारखा सपाट होता. इरफानच्या मागे, कातळाला अंग घासत मी चालले होते, एका हातानं स्ट्रेचरची काठी धरून. सर्वांत मागे मंदा.

मध्यावर माझी नजर झोळीकडे गेली. सूज बॉलपेनची रेघ ओलांडून पार कोपराकडे निघाली होती. मी हात लांब करून ओढणीचा पदर पुढे ओढला आणि मनगट झाकलं. इरफाननं वळून बघितलं तर? पण तो पुढेच बघत होता.

आणखी एक गोष्ट झाली. सर गप्प झाले. विव्हळणं नाही, पाणी मागणं नाही, काही नाही. डोळे मिटलेले.

“सर झोपले की काय?” मागून उल्हास ओरडला. “हे बरंय! आम्ही हमाल आणि तुम्ही पालखीत! अभिनय करा सर, फुकटात नेणार नाही आम्ही!”

सरांचे ओठ हलले. “आई... गं...” इतक्या क्षीण आवाजात, की ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल. म्हणून मीच मोठ्यानं म्हणाले, “आई गं म्हणतायत ते. चला पुढे.”

वाट संपली. पलीकडच्या सपाटीवर पाय टेकले तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. कुणी थांबलं नाही. मी न सांगता मंदा आणि शिरीष काठ्यांना लागले आणि चौघे भराभर, पण न धावता, उतरू लागले. आज एवढी शहाणी कशी झाली ही, असं मला क्षणभर वाटून गेलं. पण तेव्हा विचार करायला वेळ कुणाला होता?

पायथ्याच्या वाडीत पहिल्याच विहिरीवर एक आजोबा बैल धूत होते. आमची वरात बघून ते लगबगीनं आले.

“काय झालं वं गुरुजींस्नी?” त्यांनी झोळी बाजूला करून हात बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. “आरं द्येवा! फुरसं डसलंय ह्येंला!”

संपलं, मला वाटलं. आता फुटणार सगळं. मी डोळेच मिटून घेतले.

“काही नाही आजोबा,” इरफानचा आवाज आला, अगदी शांत, “आमच्या सरांना अधूनमधून चावतं.”

उल्हास खो खो हसत सुटला. आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले. “हसतुयास काय लेका? ह्येंला आदी द्येवळात न्या. उतारा घालाय पायजे. न्हाईतर दोरी आणा, दंडाला बांदू.”

“बांधायची नाही,” मंदा म्हणाली आणि सरांच्या दंडाच्या आड उभी राहिली. “आमचे मार्क जातात.”

मी आजोबांना बाजूला घेतलं. “आजोबा, खरंच चावलंय,” मी कुजबुजले, “पण ह्या पोरांना ठाऊक नाही. गाडी पाहिजे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायचंय, देवळात नाही. तुमच्या पाया पडते.”

आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या चौघांकडे बघितलं. काय समजायचं ते समजले. “संपत!” त्यांनी अशी आरोळी ठोकली की बैल बुजले. “टेंपू काड! दूद ऱ्हाऊ दे, आदी मान्सं ने!”

दुधाच्या कॅनांच्या मध्ये सतरंजी पसरून सरांना निजवलं आणि आम्ही कडेनं बसलो. टेम्पो खड्ड्यांतून उसळ्या मारत होता. मंदानं सरांचा हात दोन्ही हातांत अलगद धरून ठेवला होता, धक्का बसू नये म्हणून. मध्येच सरांच्या हिरड्यांतून रक्त आलं. शिरीषनं रुमालानं टिपलं आणि रुमाल पटकन खिशात टाकला.

उल्हासचं आश्चर्य तर वाढतच चाललं होतं. “टेम्पोसुद्धा ठरवून ठेवला सरांनी? कमाल आहे! आणि तो म्हातारा काय काम करत होता! नाटकात घ्यायला पाहिजे त्याला.”

दवाखान्यात वॉर्डबॉय धावत आला, त्यानं सरांना आत नेलं, तेव्हा उल्हास दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. “डॉक्टरपण सामील आहेत?” तो म्हणाला. “मग आता खेळ खलास कधी?”

डॉक्टरीणबाई बुटक्या, चष्मेवाल्या आणि फटकळ होत्या. त्यांनी प्रमुख कोण म्हणून विचारलं आणि मला आत घेतलं. कधी चावलं, कुठे चावलं, कुणी कापलं का, बांधलं का, काही पाजलं का. सगळ्याला मी नाही नाही म्हणत गेले. त्यांनी सरांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. आम्ही दोघी त्या नळीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी ती तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

“गोठत नाहीये,” त्या म्हणाल्या. “विष चांगलं भिनलंय. लस सुरू करते.”

त्यानंतर काय काय झालं ते सगळं मला आठवत नाही. सलाइनची बाटली आठवते. सरांना थंडी वाजून आली आणि डॉक्टरीणबाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं, ते आठवतं. शाळेत फोन लावून द्या म्हणून मी कारकुनाच्या मागे लागले, ते आठवतं. ऊन कलतं झालं तेव्हा बाईंनी दुसऱ्यांदा घेतलेली नळी माझ्यासमोर धरली आणि तिरकी केली. या वेळी रक्त जागचं हललं नाही.

“गोठलं,” त्या म्हणाल्या. “राहतील तुमचे सर. जा, तोंड धुऊन ये. आणि काही खा.”

मी बाहेर आले. व्हरांड्यात चौघे भिंतीला टेकून ओळीनं बसले होते. उल्हासनं अखेर डबा उघडला होता आणि एकटाच जेवत होता. आता सांगायलाच हवं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. शब्द जुळवायला लागले.

“मला तुम्हाला एक सांगायचंय. सर आता बरे आहेत. घाबरू नका. पण तो खेळ नव्हता.”

उल्हासनं भाकरीचा आणखी एक घास तोंडात टाकला.

“खरंच चावलं होतं,” मी म्हणाले. “मी बघितला साप.”

“मला माहीत होतं,” इरफान म्हणाला.

“काय?”

“सुरुवातीपासून. पोस्टर कलरला डिंकाचा वास येतो. मी हुंगून बघितलं. त्याला वास नव्हता.” त्यानं खाली बघत चप्पल जमिनीवर घासली. “म्हटलं, यांना कळलं तर आडव्या वाटेवर हातपाय गळतील. म्हणून बोललो नाही.”

“तुला पण माहीत होतं?” मंदा त्याच्यावर उखडली. “मग मी एकटीच जीव मुठीत धरून चालले होते ते कशाला? सर मला छान म्हणाले! छान! तेव्हाच मी ओळखलं. सर कधी कुणाला छान म्हणालेत?”

“आणि शिरीष?” मी विचारलं. “तू तरी...”

शिरीषनं खिशातला रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्यावर रक्ताचे डाग होते. “नाडी खोटी चालवता येत नाही,” तो म्हणाला. “धाड धाड उडत होती. मी इतकी जोरात चालणारी नाडी कधी धरली नव्हती.”

“तू नॉर्मल म्हणालास!”

“मग काय सांगू? तू आधीच पांढरीफटक पडली होतीस.”

मी मटकन त्यांच्यासमोर फरशीवर बसले. दिवसभर मी ज्यांना सांभाळत होते ते दिवसभर मला सांभाळत होते. आणि एकमेकांनाही. एवढा मोठा डोंगर आम्ही उतरलो, शेजारी शेजारी, एकाच काठीला धरून, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे ओझं आपल्या एकट्याच्याच खांद्यावर आहे!

“एक मिनिट,” उल्हास म्हणाला. त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला होता. “म्हणजे, खरा साप?”

“खरा.”

“म्हणजे सर आत... खरंच...”

“उल्हास, ते आता बरे...”

पण त्याला पुढचं ऐकू गेलं नाही. त्याचे डोळे वर गेले, तो भिंतीवरून घसरला आणि डब्याशेजारी सरळ आडवा झाला. लगेच मंदानं त्याची कॉलर सैल केली, शिरीषनं त्याचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले, इरफाननं त्याच्या तोंडातला भाकरीचा घास बोटानं बाहेर काढला आणि मान एका बाजूला वळवली. तोंडावर पाणी मारू नका, गर्दी करू नका, असं मी म्हणाले, खरं तर तिथे गर्दी करायला आमच्याशिवाय कुणी नव्हतंच. उल्हासनं डोळे उघडले. “मी एवढी गाणी म्हटली रे,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला. “सरांना हमाल-पालखी म्हणालो.”

“बरं झालं म्हणालास,” मंदा म्हणाली. “तुझी गाणी नसती तर माझे पाय उचललेच नसते.”

आम्ही हसायला लागलो. हसू आवरेना. उल्हाससुद्धा पाय वर, डोकं खाली अशा अवस्थेत हसत होता. आणि मग, कसं कोण जाणे, इरफानचं हसणं मध्येच मोडलं. त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. अंगापिंडानं मजबूत इरफान, आडव्या वाटेवर ज्याचा पाय एकदाही हलला नाही, तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. मंदानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही सुरू झाली.

“सरांना कळू द्यायचं नाही आपल्याला माहीत होतं ते,” शिरीष डोळे पुसत म्हणाला. “त्यांनी किती केलं आपल्यासाठी.”

तेवढ्यात नर्स दारात आली. “उज्ज्वला कोण? पेशंट विचारतोय.”

सर उशीला टेकून पडले होते. हात पार खांद्यापर्यंत सुजलेला, चेहरा कागदासारखा, पण डोळे जागे होते.

“पोरं कुठायत?”

“बाहेर आहेत, सर.”

“घाबरली नाहीत ना?”

दार अर्धवट उघडं होतं. व्हरांड्यातून इरफानचे हुंदके स्पष्ट ऐकू येत होते. सरांनी मान वळवली.

“कोण आहे ते? काय झालं?”

“उल्हास आहे सर,” मी म्हणाले. “हसतोय. तुम्ही कसे ओरडत होता त्याची नक्कल करतोय.”

सर थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की आख्ख्या शाळेनं उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या तरी तेवढं पसरलं नसतं.

“म्हणजे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही?”

“कुणालाच नाही, सर.”

“जमलं म्हणायचं मला,” ते म्हणाले आणि डोळे मिटले.

“खूप छान जमलं, सर,” मी म्हणाले, आणि उठून दार हळूच लोटून घेतलं.